अल्बममधले चार चेहरे

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका शेतातल्या झोपडीत चोर शिरले. सकाळपर्यंत पाच जण मेले होते. एका बाईवर आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला होता. घरातली आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. शुद्धीवर आल्यावर त्या आईला पोलिसांनी नोंदीतल्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिनं त्यातले चार चेहरे ओळखले आणि बोट ठेवून सांगितलं, हेच ते.

त्या चौघांना अटक झाली नाही. अटक झाली ती वेगळ्याच सहा जणांना. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, अत्यंत गरीब. पुढं त्याच आईनं आणि त्याच मुलानं ओळखपरेडीत आणि कोर्टात या सहा जणांना ओळखलं. अल्बममधल्या ओळखीचा जबाब पोलिसांच्या कागदांत होता, पण खटल्यात तो पुढं आणला गेला नाही. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. राज्य सरकारला ते पुरेसं वाटलं नाही, सरकार अपिलात गेलं. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली.

म्हणजे आपल्याकडच्या तिन्ही पायऱ्या झाल्या. तिन्ही ठिकाणी वकील होते, न्यायाधीश होते, निकालपत्रं होती. कुणीही या खटल्याकडं बोट दाखवून ‘बघा, किती नीट छाननी झाली’ असं म्हणू शकला असता.

५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं या सहाही जणांना निर्दोष सोडलं. गुन्ह्याच्या वेळी त्यांच्यातला एक जण अल्पवयीन होता, हेसुद्धा तोवर सिद्ध झालं होतं. न्यायालयानं तपासावर कडक ताशेरे ओढले, गरीब भटक्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही असं म्हटलं, आणि राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तोपर्यंत त्यांनी सोळा वर्षं तुरुंगात काढली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या दोराकडं बघत.

फाशीबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते या एका खटल्यात जवळजवळ सगळं आलं आहे. तरी ते उलगडून सांगायला हवं, कारण मीही कधीकाळी ‘फाशी द्या’ असं ओरडलो आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या त्या मुलीसाठी आमच्या गावच्या चौकात मेणबत्त्या लावल्या होत्या तेव्हा माझा आवाज घोषणेत होता, आणि तो खोटा नव्हता. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. राग योग्यच होता. पण राग कुणाच्या हाती काय देतो, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

आपल्याकडं या विषयावरचा वाद नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतो. या नराधमाला जगायचा हक्क आहे का? टीव्हीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हाच प्रश्न. माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा आहे की, सातबारावरचं नाव बदलायला तीन वर्षं लावणारी, पंचनाम्यावर ठरलेल्या पंचांच्या सह्या घेणारी, एफआयआर नोंदवायला आलेल्या बाईला तीन तास बाकावर बसवून ठेवणारी जी यंत्रणा आपण रोज अनुभवतो, तिच्या हाती माणूस ठार मारण्याचा अधिकार द्यावा का? आपल्या जमिनीच्या बाबतीत ज्या कागदावर आपण विश्वास ठेवत नाही, त्याच कागदावर दुसऱ्याचा जीव टांगायला आपण इतके पटकन कसे तयार होतो?

न्यायाच्या गोष्टी आपल्याकडं कमी नाहीत. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलानं ऐकलेली असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथराव पेशवेपदावर बसले, आणि रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे. ही गोष्ट सांगताना आपली छाती फुगते, आणि फुगावीच. पण गोष्टीचा पुढचा भाग आपण सांगत नाही. रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त घडलं नाही. ते आणखी दहा वर्षं जगले, लढाया लढले, इंग्रजांशी तह केले आणि १७८३ मध्ये कोपरगावला वारले. वाड्यात तलवार चालवणाऱ्या गारद्यांपैकी काहींना मात्र पुढं पकडून ठार करण्यात आलं. शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेत यानं तसूभरही उणेपणा येत नाही. पण ज्याच्या हुकमावर खून झाला तो सुटतो आणि ज्याच्या हाती तलवार होती तो मरतो, ही मृत्युदंडाची चाल तेव्हापासून बदललेली मला दिसत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, आणि तेवढेच मागास जातींतले किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. बहुतेकांनी माध्यमिक शाळासुद्धा पूर्ण केली नव्हती. खून काय फक्त गरीबच करतात? पण आरोपपत्र दाखल होण्याआधी चांगला वकील उभा करणं, साक्षीदाराची उलटतपासणी नीट करून घेणं, आपल्या बाजूचा साक्षीदार शोधून आणणं, हे गरिबाला जमत नाही. पहिल्या न्यायालयात पुराव्यात राहिलेलं भोक वरच्या न्यायालयात फार क्वचित बुजतं.

नाशिकच्या त्या सहा जणांचं भटकं असणं हा योगायोग नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो असं कागदावर लिहिलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्टला आजही विमुक्त दिन पाळला जातो. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिली धाड कुठल्या पालांवर पडते, हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको.

यावर लगेच उत्तर येतं की फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यातच दिली जाते. हा शब्दप्रयोग १९८० च्या बच्चनसिंग खटल्यातला. त्याआधीची वाटचाल लक्षात घेण्यासारखी आहे. १९५५ पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता, आणि ती न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. त्या वर्षी ती अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं नियम उलटा केला, आता फाशी द्यायची तर विशेष कारण लिहायचं. आणि १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक मतानं फाशी घटनात्मक ठरवताना सांगितलं की ती अगदी विरळा, दुसरा कुठलाही मार्ग उरलेलाच नसेल तेव्हाच द्यावी. एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस जगणार की मरणार हे शेवटी खंडपीठावर कोण बसलं आहे यावर ठरेल.

ते किती खरं ठरलं, ते बघा. एकाच खुनात, एकाच भूमिकेत असलेले तीन आरोपी. तिघांची अपिलं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खंडपीठांपुढं गेली. एकाची फाशी जन्मठेपेवर आली. दुसरा ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला. तिसऱ्याची फाशी ऐनवेळी थांबली, आणि तेव्हा कुठं सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की तिघांचा गुन्हा एकच होता. हा हरबंससिंग खटला, कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी तो शिकतो. शिकून काय उपयोग झाला, असं मात्र मला दरवेळी वाटतं. कारण नाशिकच्या सहा जणांना फाशी सुनावल्यावर अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठानं सांगितलं की, गुन्हेगाराकडं न बघता फक्त गुन्हा बघून फाशी द्यायला शिकवणारा १९९६ चा निकाल चुकीचा होता आणि तो पुढच्या कित्येक निकालांत तसाच वापरला गेला. १९९६ च्या त्या खटल्यातला कैदी तोवर फासावर गेलेला होता. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं की अशा चुकीच्या आधारावर १३ जणांना फाशी सुनावली गेली आहे, त्यांना वाचवा. त्या तेरांत नाशिकचे हे सहाही होते. तेव्हा त्यांच्या निर्दोषत्वाचा प्रश्नसुद्धा निघालेला नव्हता.

मघाच्याच अभ्यासातला एक आकडा मला झोपू देत नाही. २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या आणि अंतिम निकाल लागलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या जेमतेम पाच टक्के. जवळपास तीस टक्के लोक निर्दोष सुटले. शंभरात तीस. जो पूल शंभरातल्या तीस गाड्यांखाली खचतो, त्याच्यावरून आपण आपली एसटी नेऊ देऊ का?

‘पण शेवटी सुटले ना? म्हणजे यंत्रणा काम करते,’ असं काही जण म्हणतात. नाशिकचे लोक सुटले कारण ते जिवंत होते. त्यांची फेरविचार याचिका पुन्हा ऐकली गेली, आणि ती ऐकायला दहा वर्षं हातात होती. ज्या वेगाची मागणी आपण मोर्चातून करतो, तो वेग असता तर २०१९ मध्ये सोडायला कुणी उरलंच नसतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. कसाबचं काय?

कसाबच्या अपराधाबद्दल शंका नव्हती. त्याचा फोटो साऱ्या जगानं पाहिला होता. त्याला वकील मिळाला, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय मिळालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. या देशानं त्याच्यावर रीतसर खटला चालवला याचा मला अभिमान आहे. त्या सकाळी मला दुःख झालं नव्हतं, हे मी कबूल करतो. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असलेल्या विधी आयोगानं ऑगस्ट २०१५ मधल्या आपल्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करा म्हटलं, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे अपवाद ठेवले. माझ्यासकट अनेकांना हा मधला मार्ग बरा वाटला होता.

तो आता मला बरा वाटत नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. पश्चिम रेल्वेनं प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या संध्याकाळी त्या गाड्यांत होतं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. आपल्याला खात्री होती की गुन्हेगार सापडले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब, ओळखपरेड, साक्षीदार, कशावरच विसंबता येत नाही असं न्यायालय म्हणालं. फाशीची शिक्षा झालेल्या पाचांपैकी एक जण हा निकाल ऐकायला जिवंत नव्हता, तो २०२१ मध्येच तुरुंगवासात असताना वारला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, तिथं काय ठरायचं ते ठरेल. पण एवढं स्पष्ट आहे की जिथं लोकांचा संताप सर्वांत मोठा असतो, तिथं पोलिसांवरचा दबावही सर्वांत मोठा असतो, आणि चुकीचा माणूस पकडला जाण्याची भीतीही तिथंच सर्वांत जास्त असते. अपवाद म्हणून जी खोली विधी आयोगानं उघडी ठेवली, तीच सर्वांत आधी बंद करायला हवी होती. फक्त कसाबसाठी कायदा लिहिता येत नाही. कसाबसाठी म्हणून लिहिलेल्या कलमात ज्याच्याविरुद्ध फक्त कबुलीजबाब आहे तोही बसतो.

पीडितांचं काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी कधीच हलकं लेखणार नाही. पण फाशीची मागणी करणारी सरकारं पीडितांसाठी काय करतात, तेही बघूया. २००७ मध्ये पुण्याजवळ रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर, ज्या गाडीनं तिला सुरक्षित न्यायचं होतं त्याच गाडीत, बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. दोघांना फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती २०१५ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला. त्यानंतर फाशीची तारीख निघायलाच २०१९ उजाडलं. उच्च न्यायालयानं त्या दिरंगाईमुळं शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातही दयेच्या अर्जाला जवळपास आठ वर्षं लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये फाशी रद्द झाली. या दोन्ही ठिकाणी फाशी व्हायला हवी होती, असं मी म्हणत नाही. पण व्यासपीठावरून ‘फाशीच’ असं गरजणारं शासन साधी फाइल हलवत नाही, आणि त्या घरच्यांना दर दोन-चार वर्षांनी तीच जखम पुन्हा उघडून दाखवली जाते.

खैरलांजीचं उदाहरण मला अधिक बोचतं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार करण्यात आलं. सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी दिली, नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. तेव्हा संताप उसळला आणि तो मला समजतो. पण फाशी गेली याहून मोठा अन्याय दुसराच होता, आणि तो दोन्ही न्यायालयांत झाला. ॲट्रॉसिटी कायदा लावायला दोन्ही न्यायालयांनी नकार दिला. या हत्याकांडाला जात कारणीभूत होती, हे निकालात लिहिलंच गेलं नाही. त्या कुटुंबाचं जे सत्य होतं, ते फासावर सहा जण चढले असते तरी बाहेरच राहिलं असतं.

बलात्काराला फाशी द्या, ही मागणी तर मला पीडितेच्याच विरोधात जाणारी वाटते. बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर. तक्रार केली तर त्याला फाशी होईल म्हटल्यावर घरातले लोक मुलीलाच गप्प बसायला सांगतील. आणि बलात्काराची शिक्षा खुनाइतकीच असेल, तर एकमेव साक्षीदाराला जिवंत का ठेवायचं, हा हिशेब गुन्हेगार करणार नाही असं कोण सांगेल? तरीही २०१८ आणि २०१९ मध्ये केंद्रानं लहान मुलांवरच्या अत्याचाराला फाशी आणली, आणि आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रुळांवर उतरले तेव्हा हातात पुन्हा तेच फलक होते. खरं म्हणजे त्या आईबापांची मूळ तक्रार होती की त्यांना पोलीस ठाण्यात ताटकळत ठेवलं गेलं. त्यावरचा उपाय दोर नाही, ठाण्यात वेळेवर लिहिली जाणारी तक्रार आहे. महिन्याभरात तो आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, फलक लागले, पेढे वाटले गेले, आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरण्यात आलं.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटतो’ हा समज तर आता काढूनच टाकायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ आणि २०१५ च्या निकालांनी २५, ३० वर्षं किंवा मरेपर्यंत, माफीविना कैद देता येते हे पक्कं केलं आहे. समाजाला त्या माणसापासून वाचवायचं असेल, तर ती सोय आहे. आणि चूक निघाली, तर दार उघडता येतं.

हा विचार परका आहे असंही कुणी समजू नये. ज्यांनी फाशी अंगावर घेतली, त्यांच्या पिढीनंच तो मांडला. येरवड्यात चापेकर बंधू गेले, १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे चौघे गेले, २३ मार्चला लाहोरमध्ये भगतसिंग, सुखदेव आणि आपले राजगुरू. त्याच वर्षीच्या काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, कराचीत मांडलेल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पक्क्या केलेल्या, देहदंड नसावा हे कलम आलं. शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगालच्या १८६७ च्या कायद्यामागोमाग साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी केव्हाच गेली होती. पोर्तुगीज राजवट दयाळू होती असं आग्वादचा तुरुंग पाहिलेला कुणी म्हणणार नाही, पण फाशी नसल्यानं गोव्यात खुनांचा सुळसुळाट झाला असंही कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीविरुद्धच्या अपिलाची चर्चा चालू असताना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं मला अधिक पसंत पडेल. ज्यांच्या नावानं आपण प्रत्येक सभेची सुरुवात करतो, त्यांचं हे वाक्य शिवाजी पार्कपासून विधान भवनापर्यंत कुठंच ऐकू येत नाही.

२०२४ च्या १ जुलैला इंग्रजांचा दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. गुलामीची खूण पुसतो आहोत, असं सांगितलं गेलं. ज्या इंग्लंडनं आपल्याला फाशीचं कलम दिलं, त्यांनी स्वतः खुनासाठीची फाशी १९६५ मध्येच थांबवली. आपण ती नव्या पुस्तकात उतरवून घेतली, वर आणखी काही गुन्ह्यांना लावली. २०२३ या एका वर्षात देशातल्या सत्र न्यायालयांनी १२० जणांना फाशी सुनावली, आणि वर्षअखेर ५६१ माणसं फाशीच्या छायेत तुरुंगात होती. त्यांच्यातला कोण नाशिकच्या सहा जणांसारखा आहे, हे आज कुणालाही ओळखता येणार नाही. त्यांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलून टाकाव्यात, आणि संसदेनं हे कलम काढावं, एवढीच माझी मागणी आहे.

आणि आणखी एक, नाशिकची. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अल्बममधल्या त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास करायला आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही सांगितलं होतं. सहा जणांना फाशी झाली तेव्हा आपण सगळ्यांनी त्या घराला न्याय मिळाला असं मानून पान उलटलं होतं. त्या आईनं बोट ठेवलेले ते चार फोटो त्या फायलीत अजूनही असतील.